प्रकाशाने प्रदूषक मोडणारी मायक्रोफ्लुइडिक चिप: काचपट्टीपासून खऱ्या आकड्यापर्यंत

बीकरमधला प्रयोग या क्षेत्रात आलेल्या प्रत्येकाने केलेला असतो. मिथिलीन ब्लू या रंगद्रव्याचं निळं पाणी, त्यात चिमूटभर टायटॅनियम डायऑक्साइडची पूड, खाली स्टरर, वर यूव्ही दिवा. तास-दीड तासात निळाई उतरते आणि सगळे खूश होतात. मग कोणीतरी विचारतं की हा वेग नक्की कोणाचा? उत्प्रेरकाचा, स्टररच्या फेऱ्यांचा, की दिवा किती वर धरला होता त्याचा? बीकरमध्ये याचं सरळ उत्तर मिळत नाही. पूड पाण्यात तरंगते, मागचा कण पुढच्याच्या सावलीत जातो, आणि प्रत्येक सँपल सेंट्रिफ्यूज केल्याशिवाय रीडिंग घेता येत नाही.

मायक्रोफ्लुइडिक चिप म्हणजे अतिबारीक वाहिनी असलेली पट्टी. तिच्यात उत्प्रेरक वाहिनीच्या भिंतीला पक्का बसवलेला असतो आणि पाणी त्याच्यावरून पातळ थरात वाहतं. रेणू विसरणाने, म्हणजे आपोआप पसरत जाऊन, किती वेळात किती अंतर कापतो याचा हिशेब सोपा आहे: अंतराचा वर्ग भागिले विसरणांकाची दुप्पट. मिथिलीन ब्लूसारख्या रेणूचा पाण्यातला विसरणांक सेकंदाला सुमारे ५ × १०⁻¹⁰ चौरस मीटर धरला, तर १०० मायक्रोमीटर खोलीची वाहिनी आडवी पार करायला त्याला साधारण १० सेकंद लागतात. तोच रेणू न ढवळलेल्या पाण्यात १ सेंटिमीटर जायचा म्हटला तर लाख सेकंद, म्हणजे २८ तास. अंतर शंभरपट वाढलं की वेळ दहा हजारपट वाढतो. चिपची सगळी ताकद या वर्गात आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या लेखातली चिप मिनिटाला २० मायक्रोलिटर पाणी पुढे ढकलते. त्या गतीने १ लिटर पाणी जायला ५०,००० मिनिटं लागतील, म्हणजे जवळजवळ ३५ दिवस. पाणी शुद्ध करायचं यंत्र म्हणून तिच्याकडे बघू नका. ती मोजपट्टी आहे. कोणता उत्प्रेरक, कोणता प्रकाश, कोणतं पाणी आणि किती वेग, याची स्वच्छ उत्तरं काढायला ती बांधायची.

उत्प्रेरक कोणता घ्यायचा

तत्त्व थोडक्यात. अर्धवाहकावर पुरेशा ऊर्जेचा फोटॉन पडला की इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्ट्यात उडी मारतो आणि खाली धन छिद्र उरतं. छिद्र पाण्यापासून किंवा हायड्रॉक्साइडपासून हायड्रॉक्सिल मूलक (अतिशय क्रियाशील कण) बनवतं, नाहीतर प्रदूषकाचा रेणू थेट ओढून फोडतं. इलेक्ट्रॉन विरघळलेल्या ऑक्सिजनला मिळतो. या दोघांना वेळेत गिऱ्हाईक मिळालं नाही तर ते एकमेकांनाच भेटतात आणि ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाशाने पाण्याचं विघटन दाखवलं, १९७७ मध्ये फ्रँक आणि बार्ड यांनी त्याच पदार्थाच्या पुडीने पाण्यातलं सायनाइड मोडून दाखवलं, आणि तिथून हा विषय पाणी-शुद्धीकरणाकडे वळला.

कोणता प्रकाश चालेल हे बँड गॅपवरून, म्हणजे त्या दोन पट्ट्यांमधल्या ऊर्जेच्या फरकावरून ठरतं. १२४० ला इलेक्ट्रॉन व्होल्टमधल्या बँड गॅपने भागा, नॅनोमीटरमध्ये उत्तर येतं. ॲनाटेज या स्फटिकरूपातल्या टायटॅनियम डायऑक्साइडचा बँड गॅप ३.२, म्हणजे ३८७ नॅनोमीटरच्या आतला प्रकाश लागतो. झिंक ऑक्साइडचं गणित जवळपास तेच. ग्राफिटिक कार्बन नायट्राइडचा २.७, म्हणजे सुमारे ४६० नॅनोमीटर, निळ्या एलईडीवर भागतं. बिस्मथ व्हॅनेडेटचा २.४, तो हिरव्या रंगाच्या उंबरठ्यापर्यंत पोचतो. यादी वाचून दृश्य प्रकाशाचा मोह होतो, पण पहिली चिप ३६५ नॅनोमीटरच्या एलईडीवर आणि झिंक ऑक्साइडच्या नॅनोकांड्यांवर करा असं मी सांगेन. कांड्या ९० अंशाच्या पाण्यात वाढतात, काचेला घट्ट धरतात, आणि काही बिघडलं तर पातळ आम्लाने पुसून पुन्हा सुरुवात करता येते. झिंक ऑक्साइडचे दोष पुढे येतीलच. शिकण्यासाठी इतका समजूतदार पदार्थ दुसरा नाही.

कांड्या कशाला, साधा थर का नाही? उदाहरणादाखल, ६० नॅनोमीटर जाडीच्या आणि १ मायक्रोमीटर उंचीच्या ५० कांड्या एका चौरस मायक्रोमीटरवर उभ्या आहेत असं धरा. नुसत्या बाजूंचंच क्षेत्रफळ ९ चौरस मायक्रोमीटरच्या वर जातं. सपाट थराच्या नऊपट पृष्ठभाग मिळतो आणि वाहिनीची खोली जेमतेम एक टक्क्याने कमी होते.

चिपचा आराखडा

वाहिनी १ मिलिमीटर रुंद, १०० मायक्रोमीटर खोल, नागमोडी. ५० मिलिमीटरच्या चार सरळ रांगा, दोन रांगांमध्ये १ मिलिमीटरची भिंत. लांबी २०० मिलिमीटर झाली, आकारमान २० मायक्रोलिटर. ७५ × २५ मिलिमीटरच्या नेहमीच्या काचपट्टीवर हे आरामात मावतं. मिनिटाला २० मायक्रोलिटर सोडले की पाणी चिपमध्ये बरोबर एक मिनिट राहतं, म्हणून हिशेब तोंडी होतो. या प्रवाहाचा रेनॉल्ड्स अंक (प्रवाह किती खळबळतो याचं माप) १ च्याही खाली आहे. भोवरे नाहीत, ढवळणं नाही, जे काही मिसळतं ते विसरणाने.

खोली वाढवायचा मोह टाळा. २०० मायक्रोमीटर केली तर पाणी दुप्पट जाईल खरं, पण रेणूचा आडवा प्रवास चौपट वेळ घेईल. आणि ५० मायक्रोमीटरवर गेलात तर एक पांढरा कपचा किंवा एक बुडबुडा सगळी चिप अडवतो. १०० हा अनुभवाचा आकडा आहे.

काचेवर कांड्या वाढवणं

पुढचा सगळा प्रयोग या टप्प्यावर उभा आहे, तेव्हा इथे घाई करू नका.

काचपट्टी आधी साबणाच्या पाण्यात, मग ॲसिटोनमध्ये, मग इथेनॉलमध्ये, प्रत्येकी दहा मिनिटं अल्ट्रासोनिक बाथमध्ये ठेवा आणि डिस्टिल्ड पाण्याने धुवा. पाणी काचेवर थेंब न धरता सलग पसरलं तर काच स्वच्छ आहे. थेंब उभे राहिले तर परत धुवा.

कांड्या वाहिनीखालीच हव्यात, भिंतीखाली नकोत. खडबडीत पृष्ठभागावर वरचं झाकण चिकटत नाही, आणि एका रांगेतलं पाणी भिंतीखालून झिरपून शेजारच्या रांगेत जातं. असं झालं की पाणी चिपमध्ये किती वेळ राहिलं याला अर्थ उरत नाही. म्हणून कटिंग प्लॉटरवर पॉलिइमाइड टेपमध्ये चार फटी कापा, वाहिनीपेक्षा किंचित अरुंद, ०.८ मिलिमीटरच्या. झाकण बसवताना इकडेतिकडे झालं तरी तेवढी सूट हाताशी राहते. टेप काचेवर लावा आणि नखाने कडा दाबून घ्या.

आता बीज, म्हणजे ज्यावर कांड्या उगवतात तो पातळ थर. झिंक ॲसिटेट डायहायड्रेट ०.०५५ ग्रॅम घेऊन ५० मिलिलिटर इथेनॉलमध्ये विरघळवा, हे ५ मिलिमोलरचं द्रावण झालं. फटींवर थेंब सोडा, दहा सेकंद थांबा, स्वच्छ इथेनॉलने धुवा, हवेच्या झोताने वाळवा. असं चार-पाच वेळा. मग टेप काढा आणि पट्टी फर्नेसमध्ये ३५० अंश सेल्सिअसला २० मिनिटं ठेवा. टेप काढायची राहून गेली तर तिचा चिकट थर काचेवर भाजून बसतो. ती पट्टी मग कशानेच साफ होत नाही, सरळ टाकून द्यावी लागते. बाहेर आल्यावर पट्टीवर डोळ्यांना काहीही दिसत नाही, आणि पहिल्यांदा करणारा हमखास समजतो की बीज बसलंच नाही. बसलेलं असतं. फटीबाहेर द्रावण ओघळल्याची शंका असेल तर कापसाच्या काडीला अगदी पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल लावून तेवढाच भाग पुसा आणि लगेच पाण्याने धुवा.

वाढीचं द्रावण: १०० मिलिलिटर पाण्यात झिंक नायट्रेट हेक्साहायड्रेट ०.७४४ ग्रॅम आणि हेक्सामिथिलीनटेट्रामीन ०.३५० ग्रॅम, दोन्ही २५ मिलिमोलर. झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरा. पट्टी आत ठेवताना बीज लावलेली बाजू खाली तोंड करून तिरकी टेकवा. द्रावणातही आपोआप झिंक ऑक्साइडचा गाळ तयार होतो आणि तो खाली बसतो. बाजू वर असेल तर हा गाळ तुमच्या कांड्यांवर बर्फासारखा साचेल, आणि पुढे प्रवाह सुरू झाला की तोच सुटून वाहिनी तुंबवेल. ओव्हन ९० अंशावर, तीन तास. तासाभरात द्रावण दुधट होतं, ते अपेक्षितच आहे. तीन तासांनंतरही वाढवायचं असेल तर ताजं द्रावण घ्या, जुन्यातलं झिंक बरंचसं गाळात गेलेलं असतं.

पट्टी बाहेर काढून पाण्याच्या झोताखाली धरा. आता चार फिकट पांढरे पट्टे दिसायला हवेत, काच तिरकी केली की धुक्यासारखे. पट्ट्यातून खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. खडूसारखा जाड पांढरा थर असेल तर तो गाळ आहे, कांड्या नाहीत. शेवटी पट्टा दहा मिनिटं यूव्ही दिव्याखाली ठेवून त्यावर पाण्याचा थेंब सोडा. थेंब क्षणात सपाट पसरला तर पृष्ठभाग जागा झालेला आहे, कामाला तयार. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हाताशी असेल तर एक नमुना जरूर बघा. नसेल तर या दोन खुणांवर काम भागतं.

झाकण

झाकण पीडीएमएसचं, म्हणजे पारदर्शक सिलिकॉन रबराचं. क्लीनरूम असेल तर एसयू-८ या प्रकाशाने घट्ट होणाऱ्या राळेचा साचा करा. नसेल तर स्टिकरच्या व्हायनिलमधून नागमोडी आकार प्लॉटरवर कापून काचेवर चिकटवा आणि तोच साचा समजा. व्हायनिलची जाडी पाकिटावर काहीही लिहिलेली असो, स्क्रू गेजने स्वतः मोजा. खोलीतली चूक आकारमानात, पाणी आत राहण्याच्या वेळेत आणि वेगात, सगळीकडे उतरते. रेझिन थ्रीडी प्रिंटरवर साचा काढणार असाल तर सांभाळून, न शिजलेलं रेझिन पीडीएमएसला घट्ट होऊ देत नाही आणि वाहिनीच्या जागी चिकट राळ हातात येते.

पीडीएमएस आणि हार्डनर दहास एक, नीट ढवळून, व्हॅक्यूममध्ये बुडबुडे जाईपर्यंत ठेवून, ७० अंशाला दोन तास. साच्यातून सोडवल्यावर दोन टोकांना १.५ मिलिमीटरच्या पंचने भोकं पाडा, त्यात १.६ मिलिमीटर बाहेरील व्यासाची टेफ्लॉन नळी घट्ट बसते. झाकण आणि काचपट्टी दोन्ही ऑक्सिजन प्लाझ्मात अर्धा ते एक मिनिट ठेवा. एकमेकांवर ठेवण्याआधी मध्ये इथेनॉलचा थेंब सोडला तर झाकण सरकवून रांगा जुळवायला थोडा वेळ मिळतो. नंतर ७० अंशावर इथेनॉल उडून जातं आणि जोड पक्का होतो.

उत्प्रेरक वरचेवर बदलून बघायचे असतील तर प्लाझ्माच्या वाटेलाच जाऊ नका. दोन ॲक्रिलिकच्या चौकटींमध्ये चिप धरून चार स्क्रूंनी सारखी आवळा, फक्त प्रकाशाची खिडकी मोकळी ठेवा. दिसायला ओबडधोबड, पण काचपट्टी पाच मिनिटांत बदलता येते.

प्रकाश

३६५ नॅनोमीटरचा एलईडी, वरून, पीडीएमएसमधून. या तरंगलांबीला पीडीएमएस पारदर्शक आहे आणि साधी काचही. क्वार्ट्झवर खर्च करायची गरज २५४ नॅनोमीटरचा दिवा वापरलात तरच पडते. चारही रांगांवर प्रकाश सारखा पडतो का हे पॉवर मीटरने चार ठिकाणी मोजा आणि आकडे वहीत लिहा. नुसतं 'यूव्ही दिवा वापरला' असं लिहिलेला प्रयोग दुसऱ्या कोणाला परत करता येत नाही. पॉवर मीटरवर भरवसा नसेल तर फेरिऑक्सॅलेट द्रावण चिपमधूनच सोडून फोटॉन रासायनिक पद्धतीने मोजता येतात. मात्र त्यासाठी कांड्या नसलेली कोरी चिप घ्या, ते द्रावण आम्लधर्मी असतं आणि झिंक ऑक्साइड खाऊन टाकतं.

एलईडी तापतो. त्याला हीटसिंक आणि पंखा लावा आणि चिपचं तापमान लिहीत राहा. ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना जेमतेम जांभळट दिसतो, म्हणून तो कमी आहे असं वाटतं. चष्म्याशिवाय बघू नका.

पाणी सोडणं: नळ्या, बुडबुडे आणि ऑक्सिजन

माझा पहिला आकडा या टप्प्यावर खोटा निघाला होता. रंग होता ऱ्होडामाइन बी, झाकण पीडीएमएसचं. बाहेर येणारं पाणी जवळजवळ रंगहीन. आनंदाने दिव्याचं बटण बंद करायला गेलो, तर दिवा लावलेलाच नव्हता. चिप उजेडाकडे धरून पाहिली तेव्हा वाहिनीच्या दोन्ही कडा गुलाबी झालेल्या. ऱ्होडामाइन बी पीडीएमएसमध्ये शिरतो आणि तिथेच राहतो, ही त्या क्षेत्रातली जुनी माहिती, मला मात्र नवीन होती. तेव्हापासून पीडीएमएसच्या चिपला मिथिलीन ब्लू, आणि सिलिकॉनच्या नळ्यांऐवजी टेफ्लॉनच्या.

नळीचं आकारमान विसरू नका. ०.५ मिलिमीटर आतल्या व्यासाची २० सेंटिमीटर नळी म्हणजे ३९ मायक्रोलिटर, चिपच्या दुप्पट. प्रवाहाचा वेग बदलला की चिप आणि नळी मिळून निदान तीन आकारमानं वाहून जाऊ द्या, मग सँपल धरा. २० मायक्रोलिटरच्या प्रवाहाला याचा अर्थ नऊ-दहा मिनिटांची शांत प्रतीक्षा. सिरिंज लहान घ्या, १ मिलिलिटरची. मोठी सिरिंज इतक्या मंद गतीला धक्क्याधक्क्याने पुढे जाते. पंपाच्या पडद्यावरचा आकडा तपासायचा सोपा मार्ग वजनाचा: दहा मिनिटांत २०० मिलिग्रॅम पाणी आलं पाहिजे.

बुडबुड्यांवर पुस्तकी उपाय म्हणजे द्रावण व्हॅक्यूममध्ये डीगॅस करणं. इथे तो उपाय करायचा नाही. हवा काढली की ऑक्सिजनही गेला, आणि ऑक्सिजन गेला की इलेक्ट्रॉनला गिऱ्हाईक उरलं नाही. त्याऐवजी द्रावण चिपच्या तापमानापेक्षा दोन-तीन अंश जास्त तापमानाला उघड्या भांड्यात हलवत ठेवा. जादा हवा तिथेच सुटते, चिपमध्ये नाही.

ऑक्सिजनचा हिशेब मात्र कागदावर करून बघाच, कारण सांद्रता त्यावर ठरते. मिथिलीन ब्लूचा एक रेणू पूर्णपणे कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि खनिज आम्लांपर्यंत मोडायला ऑक्सिजनचे २५.५ रेणू लागतात. २५ अंशाला हवेशी समतोल असलेल्या पाण्यात लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, म्हणजे २५० मायक्रोमोलरच्या आसपास. आता १० मायक्रोमोलर रंग घेतला तर त्याला २५५ मायक्रोमोलर ऑक्सिजन हवा. जमा आणि खर्च जेमतेम जुळतात! बीकरमध्ये वरून हवा मिळत राहते, बंद वाहिनीत नाही. याच कारणासाठी मी रंग १० मायक्रोमोलरच्या वर नेत नाही. लिटरला ते ३.२ मिलिग्रॅम होतं. पीडीएमएसचं झाकण इथे नकळत मदत करतं, त्यातून ऑक्सिजन सहज आरपार येतो. दोन्ही बाजूंना काच असलेल्या चिपमध्ये मात्र वाहिनीच्या पहिल्या निम्म्या भागात काम होतं आणि उरलेला भाग नुसता भिजत राहतो, असं घडू शकतं.

मोजमाप

आधी तीन कोरे प्रयोग. दिवा बंद, कांड्या आहेत: बाहेरची सांद्रता आतल्याइतकी होईपर्यंत द्रावण सोडत राहा, कांड्यांवर आणि नळ्यांवर चिकटायचा तेवढा रंग चिकटून जाऊ दे. दिवा चालू, कांड्या नसलेली चिप: प्रकाश एकटा किती रंग उडवतो ते कळतं. आणि प्रवाह बंद करून पाच मिनिटांनी परत सुरू: गळती किंवा अडलेली हवा असेल तर इथे उघड होते. हे तीन आकडे नसतील तर चौथा दाखवू नका.

मग प्रवाहाचा वेग बदलत जा: मिनिटाला ४०, २०, १०, ५ मायक्रोलिटर. म्हणजे अर्धं, एक, दोन, चार मिनिटं. प्रत्येक वेळी १०० मायक्रोलिटर गोळा करा आणि सूक्ष्म क्युव्हेटमध्ये ६६४ नॅनोमीटरवर शोषण वाचा. पूर्ण स्पेक्ट्रमही घ्या. सुरुवातीची सांद्रता भागिले उरलेली सांद्रता, याचा नैसर्गिक लॉग काढा आणि वेळेसमोर मांडा. सरळ रेषा आली तर तिचा उतार हा तुमचा वेगांक. समजा एका मिनिटाला ४० टक्के रंग उरला, तर लॉग ०.९२ येतो, वेगांक मिनिटाला ०.९२. दोन मिनिटांना १६ टक्के उरायला हवेत. तिथे ३० टक्के दिसले तर रेषा वाकली, आणि पहिला संशय ऑक्सिजनवर, दुसरा रांगांमधल्या गळतीवर.

हा ०.९२ उत्प्रेरकाचा की रेणूच्या प्रवासाचा? एका भिंतीवर उत्प्रेरक असलेल्या १०० मायक्रोमीटरच्या वाहिनीत नुसत्या विसरणाने जास्तीत जास्त मिळू शकणारा वेगांक मिनिटाला साधारण ७ येतो. तुमचा आकडा त्याच्या बराच खाली असेल तर तो पृष्ठभागाचा आहे, निर्धास्त राहा. ५-६ च्या घरात गेला तर वाहिनीने हात टेकले, उत्प्रेरक त्याहूनही चांगला असू शकतो. ताळा म्हणून दिव्याची तीव्रता निम्मी करून बघा. वेग जवळजवळ बदललाच नाही तर अडथळा प्रवासाचा किंवा ऑक्सिजनचा आहे, प्रकाशाचा नाही.

रंग गेला म्हणजे प्रदूषक गेलं असं धरू नका. मिथिलीन ब्लूच्या दोन लबाड्या आहेत. पहिली: ऑक्सिजन कमी पडला की तो मोडण्याऐवजी नुसता इलेक्ट्रॉन घेऊन रंगहीन ल्युको रूपात जातो. बाहेर आलेलं सँपल उघड्या कुपीत हलवून दहा मिनिटं ठेवा. निळा परत चढला तर तुम्ही काहीच मोडलेलं नाही. दुसरी: त्याचे मिथिल गट एकेक करून गळाले की शोषणाचं शिखर ६६४ वरून डावीकडे सरकतं. एकाच तरंगलांबीवर वाचणाऱ्याला हे 'विघटन' दिसतं, पूर्ण स्पेक्ट्रम बघणाऱ्याला नुसतं स्थलांतर. शिवाय दृश्य प्रकाशावर चालणारा उत्प्रेरक तपासताना हा रंग अजिबात वापरू नका. तो स्वतःच प्रकाश शोषतो आणि इलेक्ट्रॉन उत्प्रेरकात ढकलतो, मग श्रेय कोणाचं ते सांगता येत नाही. तिथे फिनॉल किंवा पॅरासिटामॉलसारखा रंगहीन रेणू घ्या आणि एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा. त्याला सँपल १०-२० मायक्रोलिटरच लागतं, चिपशी छान जुळतं. हायड्रॉक्सिल मूलक खरंच तयार होतात का हे बघायला टेरेफ्थॅलिक आम्ल किंचित अल्कलीत विरघळवून सोडा. मूलक भेटला की चमकणारा रेणू बनतो: ३१५ नॅनोमीटरने उत्तेजित करा, ४२५ ला वाचा. एकूण सेंद्रिय कार्बन मोजायचा तर मिलिलिटरमध्ये सँपल लागतं. १० मिलिलिटर जमवायला या चिपला आठ तासांहून जास्त, तेव्हा रात्रभर लावून ठेवा.

फोटॉनचा जमाखर्च

हा हिशेब फारसा कोणी छापत नाही, कारण तो लाज आणतो. चौरस सेंटिमीटरला १० मिलिवॉट प्रकाश, वाहिनीचं क्षेत्रफळ २ चौरस सेंटिमीटर, म्हणजे २० मिलिवॉट. ३६५ नॅनोमीटरला ते मिनिटाला सुमारे ३.७ मायक्रोमोल फोटॉन होतात. त्याच मिनिटात चिपमध्ये शिरणारा रंग किती? १० मायक्रोमोलर गुणिले २० मायक्रोलिटर, म्हणजे ०.०००२ मायक्रोमोल. रंगाच्या एकेका रेणूमागे अठरा हजार फोटॉन. सगळा रंग उडाला तरी फोटॉनचा सदुपयोग ०.००५ टक्क्यांच्या आसपास. म्हणून आणखी जोरकस एलईडी आणण्याआधी पॉवर कमी करून बघा. पुष्कळदा निम्म्या प्रकाशावर तितकंच काम होतं आणि चिप थंड राहते. दोन उत्प्रेरकांची तुलना करायची असेल तर ती मंद प्रकाशात करा. झगझगीत उजेडात सगळेच सारखे हुशार दिसतात.

झिंक ऑक्साइड कधी सोडायचा

झिंक ऑक्साइड आम्लात विरघळतो, तीव्र अल्कलीतही विरघळतो, आणि यूव्हीखाली मध्यम पीएचलाही हळूहळू झिजतो. एकाच चिपवर पाच फेऱ्या करा आणि प्रत्येक फेरीचा वेगांक शेजारी शेजारी लिहा. उतरत गेला तर बाहेरच्या पाण्यात झिंक मोजा. बाहेर पडणारं झिंकयुक्त पाणी सिंकमध्ये ओतायचं नाही, जलचरांना ते घातक असतं. वेगळ्या बाटलीत जमवा.

खऱ्या पाण्याकडे वळताना टायटॅनियम डायऑक्साइडवर या. पी२५ या नावाने मिळणारी त्याची पूड, साधारण ८० टक्के ॲनाटेज आणि २० टक्के रुटाइल, पाण्यात किंवा इथेनॉलमध्ये पातळ करून त्याच टेपच्या फटींतून पसरवा, टेप काढा, ४५० अंशाला अर्धा तास भाजा. इथे काचपट्टी बोरोसिलिकेटची घ्या. साध्या सोडा-लाइम काचेतलं सोडियम या तापमानाला वर सरकतं आणि उत्प्रेरकाची धार बोथट करतं. कोरडी पूड हाताळताना मास्क लावा, आणि वजन फ्यूम हूडमध्ये करा.

खऱ्या पाण्यात वेग पडतो, आणि तो किती पडतो हे बघायला चिपसारखं साधन नाही. बायकार्बोनेट हायड्रॉक्सिल मूलक गिळतो, सेंद्रिय गाळ प्रकाशही अडवतो आणि मूलकही खातो, कॅल्शियमचा पापुद्रा उत्प्रेरकावर बसतो. शुद्ध पाण्यातलं द्रावण, मग त्यात फक्त बायकार्बोनेट, मग फक्त ह्युमिक आम्ल (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून येणारं), आणि शेवटी गाळलेलं खरं पाणी, असं एकेक घटक वाढवत जा. एका घटकाला अर्धा मिलिलिटर द्रावण पुरतं, त्यामुळे एका दिवसात चारही होतात. खरं पाणी ०.४५ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळल्याशिवाय मात्र आत सोडू नका. नाहीतर दुसरा दिवस वाहिनीत अडकलेला कण सुईने शोधण्यात जातो, आणि तो हमखास तिसऱ्या रांगेच्या वळणावर सापडतो.